गुहाशोधकांची वर्गणी

गुहा म्हटली की आपल्यापुढे अजिंठा, कार्ले, भाजे ही नावे उभी राहतात. परंतु ती लेणी होत. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. आज ज्या गुहांविषयी बोलावयाचे आहे त्या पाण्याने कोरलेल्या आहेत. चुनखडीच्या डोंगरात पावसाचे पाणी मुरते, खडक विरघळवीत जाते, आणि लाखो वर्षांनी डोंगराच्या पोटात भुयारे, विहिरी आणि दालने तयार होतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ असा विरघळणारा नव्हे. आपल्या देशात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर मेघालयात पाहावयास मिळतो. तेथे १९९२ सालापासून स्थानिक मंडळी आणि युरोपातले गुहाशोधक मिळून मोहिमा काढीत आले आहेत, आणि शेकडो किलोमीटर लांबीची भुयारे त्यांनी मोजून नकाशावर आणली आहेत.

परंतु आमचा विषय गुहा हा नाही. या गुहांत केवळ हौसेने उतरणाऱ्या माणसांनी इंग्लंडात संस्था काढल्या, त्या बिनपगारी माणसांनी चालविल्या, आणि त्यांत दरवर्षी प्रत्येक सभासदाकडून वर्गणी कशी वसूल केली, हा आमचा विषय आहे. कामगार संघटनेत उमर घालविलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आमचा धंदाच वर्गणीचा. आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत नव्हे, कामगार कायद्याची पुस्तके आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून. त्याच शब्दकोशाच्या आधाराने पुढे या गुहाशोधक क्लबांची जुनी पत्रके वाचावयास घेतली. वाचली ती साहसाच्या गोष्टींसाठी. पण प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात खजिनदाराचे दोन ओळींचे गाऱ्हाणे असे की वर्गणी थकली आहे, कृपा करून पाठवावी. कधी विनवणी, कधी थट्टा, कधी साधी धमकी की पुढचा अंक मिळणार नाही. हे वाचले आणि आम्हांला घरच्यासारखे वाटू लागले.

वर्गणी ही गोष्ट इंग्लंडात जुनी. १७९२ साली थॉमस हार्डी नावाच्या चांभाराने लंडनमध्ये नऊ माणसे जमवून मताधिकारासाठी संस्था काढली, आणि दर माणशी आठवड्याला एक पेनी ठरविली. १८४४ साली रॉचडेल गावच्या विणकरांनी सहकारी दुकान काढले. त्याचे भांडवल उभे करताना गावाचे तीन भाग पाडून दर रविवारी वसुलीदार घरोघर पाठवीत, आणि माणशी दोन-तीन पेन्स गोळा करीत. १८५१ साली इंजिनिअरिंग कामगारांची मोठी युनियन झाली, तिची वर्गणी आठवड्याला एक शिलिंग. तो काही लहान आकडा नव्हता. पण त्या शिलिंगात आजारपणाची, बेकारीची, म्हातारपणाची मदत मिळे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. पैसे हातात घेणारा माणूस देणाऱ्याला तोंडओळखीने जाणत होता.

एदुआर मार्तेल हा पॅरिसचा वकील. १८९५ साली त्याने गुहाशास्त्राची संस्था स्थापिली, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेस यॉर्कशायरमधील गेपिंग गिल या प्रचंड विवरात तो दोराच्या शिडीने उतरला. हे विवर सुमारे शंभर मीटर खोल. वरून ओढा कोसळतो, त्या धबधब्यातून खाली जावयाचे. लीड्स येथे १८९२ साली निघालेल्या यॉर्कशायर रॅम्बलर्स क्लबची मंडळी याच विवरासाठी तयारी करीत होती. त्यांच्या आधी हा फ्रेंच वकील येऊन उतरून गेला! पुढच्या वर्षी, १८९६ साली, तेही उतरले.

श्रोत्यांनी या शिडीकडे नीट लक्ष द्यावे, कारण वर्गणीचा सगळा इतिहास तिच्यावर लोंबकळत आहे. शंभर मीटरची दोराची शिडी म्हणजे लाकडी पायऱ्या बांधलेले, भिजले की दुप्पट जड होणारे धूड. ती एकट्याने विकत घेणे परवडत नसे, आणि एकट्याने वाहून नेणे शक्य नसे. उतरणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दुसरा दोर वर चारपाच माणसांनी धरून बसावे लागे. म्हणजे गुहेत जावयाचे तर शिडी हवी, शिडी हवी तर क्लब हवा, आणि क्लब हवा तर वर्गणी हवी. पावती कशाची, हे सभासदाला समजावून सांगावे लागत नव्हते. ती कोपऱ्यात वेटोळे घालून पडलेलीच असे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे क्लब झपाट्याने वाढले. ब्रिस्टल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गुहासंस्था १९१९ची. यॉर्कशायरमधील क्रेव्हन पॉटहोल क्लब १९२९चा, ब्रॅडफर्डचा १९३३चा, मेंडिप टेकड्यांतील वेसेक्स केव्ह क्लब १९३४चा, ब्रिस्टल एक्सप्लोरेशन क्लब १९३५चा. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर हे येथे सांगितले पाहिजे. शनिवारचा अर्धा दिवस आणि रविवारची सुटी हातात आली, तशी शहरातली तरुण मंडळी सायकलवर, बसने डोंगराकडे निघाली. ही सुटी कोणी मेहेरबानीने दिली नव्हती, कामगार चळवळीने मिळविली होती. पण तो विषय निराळा. याच १९३५ साली यॉर्कशायरमध्ये गुहेत अडकलेल्यांना सोडविण्यासाठी स्वयंसेवकांचे पथक निघाले. अशा प्रकारचे जगातले हे पहिले पथक. त्यात कोणालाही पगार नाही, आणि सोडविलेल्या माणसाकडून पैसा घेत नाहीत.

आता खजिनदाराकडे येऊ. क्लब लहान, शे-दोनशे सभासद. वार्षिक सर्वसाधारण सभेत एक मनुष्य खजिनदार म्हणून निवडावयाचा. तो दिवसा कोठे तरी नोकरी करणार, रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर वही उघडणार. वर्षारंभी सर्वांची वर्गणी देय होते. काही जण सभेतच हातावर पैसे ठेवतात. काही जण क्लबच्या झोपडीवर मुक्कामाला आले म्हणजे देतात. या झोपड्या हे या क्लबांचे मोठे साधन. सभासदाला रात्रीचे भाडे कमी, पाहुण्याला जास्त, त्यामुळे ज्याची वर्गणी थकली आहे तो तेथे आपोआप सापडतो. उरलेल्यांना पत्र. १८८१ पासून इंग्लंडात पोस्टल ऑर्डर मिळू लागल्यापासून ज्याचे बँकेत खाते नाही त्यालाही टपालाने लहान रक्कम पाठविता येऊ लागली. पण पत्र पाठवावयास तिकीट लागते, आणि तिसऱ्या स्मरणपत्रापर्यंत वर्गणीचा बराच भाग तिकिटांतच जातो. हा हिशेब ज्याने केला नाही त्याने संस्था चालविलेली नाही.

वर्गणी का थकते? बाहेरच्या माणसाला वाटते, सभासद नाराज असेल. आमचा अनुभव उलट आहे. रागावलेला सभासद येतो, भांडतो, आणि भांडून झाल्यावर बहुधा पैसे देऊन जातो. थकते ती विसरणाऱ्याची. एक महिना विसरतो, दोन महिने विसरतो, आणि तिसऱ्या महिन्यात त्याला लाज वाटू लागते. मग तो गेटावर आपल्याला पाहून दुसऱ्या बाजूने जातो. संघटना सोडण्याचा निर्णय त्याने कधीच घेतलेला नसतो. पण तो गेलेला असतो. चांगला वसुलीदार या लाजेच्या आधी पोचतो. पगाराच्या दिवशी गेटावर पावतीपुस्तक घेऊन उभे राहण्याचे मर्म पैशात थोडे आणि यात जास्त आहे. गुहाशोधकांच्या क्लबांतही हेच दिसते. थकलेला सभासद पत्रकाच्या यादीतून गळतो, पत्रक बंद होते, पुढच्या सहलीची तारीख त्याला कळत नाही, आणि सहल न कळल्याने तो येत नाही.

मग बँका आल्या. सभासदाने आपल्या बँकेला एकदाच लिहून द्यावयाचे की अमुक तारखेस अमुक रक्कम दरवर्षी क्लबच्या खात्यात भरावी. याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात. खजिनदाराला वाटले, सुटलो! पण यात एक गोम आहे. हा हुकूम सभासदाचा. रक्कम बदलावयाची तर सभासदानेच बदलावयाची. सभेने वर्गणी वाढविली की निम्मे लोक बँकेला कळविण्याचे विसरतात, आणि जुनीच रक्कम वर्षानुवर्षे येत राहते. आता हा मनुष्य सभासद आहे की नाही? पूर्ण दिलेले नाही. दिलेच नाही असेही म्हणता येत नाही. शिवाय जो क्लब सोडून गेला, क्वचित जो जग सोडून गेला, त्याचीही रक्कम येत राहते. १९६४ पासून इंग्लंडात डायरेक्ट डेबिटची पद्धत निघाली, तीत रक्कम मागण्याचा अधिकार घेणाऱ्या संस्थेकडे गेला. ती मोठ्या संस्थांना सोयीची. दोनशे सभासदांच्या क्लबाला तिची कागदपत्रे आणि खर्च हेच ओझे. त्यात १९७१च्या फेब्रुवारीत इंग्लंडने शिलिंग-पेन्स सोडून दशमान नाणी घेतली. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आण्यांचे हिशेब जमवून घेताना जी तारांबळ उडाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना त्या वर्षीच्या इंग्रज खजिनदारांविषयी अधिक सांगावयास नको.

याहून मोठा फरक मात्र बँकेने केला नाही, दोराने केला. १९७०च्या दशकात नायलॉनचा एकच दोर खाली सोडून, अंगावरच्या पट्ट्याला लावलेल्या धातूच्या चापांनी त्यावर चढण्या-उतरण्याची पद्धत सर्वत्र पसरली. शिडीचे धूड गेले. वर दोर धरून बसणारी चार माणसे गेली. दोघे-तिघे मित्र स्वतःचे सामान पिशव्यांत घालून, क्लबला न विचारता, खोल विवरात जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागले. कौशल्य वाढले, वेग वाढला, आणि वर्गणीच्या पायाखालची शिडी निघून गेली. प्रत्येक कारागिराकडे स्वतःचे यंत्र आले म्हणजे युनियनचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही. सभासद विचारू लागला, मी पैसे कशासाठी देऊ?

या प्रश्नाला जे उत्तर मिळाले ते दोराशी संबंध नसलेल्या दिशेने आले. गुहेचे तोंड कोणाच्या तरी जमिनीत असते. जमीनमालकाला भीती की कोणी पडला, मेला, तर आपल्यावर दावा होईल. १९५९ साली पीक कॅव्हर्नमध्ये नील मॉस हा विद्यार्थी अरुंद भोकात अडकून मेला. १९६७च्या जूनमध्ये मॉसडेल गुहेत अचानक पाणी चढून सहा तरुण बुडाले. अशा घटनांनंतर मालक दार लावून घेतील, हे उघड होते. क्लबांनी विभागवार मंडळे बनविली, मालकांशी करार केले, आणि अमुक डोंगरावर अमुक दिवशी जाण्यासाठी परवाने देण्याची व्यवस्था बसविली. १९६८ साली राष्ट्रीय संघटना झाली. २००४च्या सुमारास तिची जागा आजच्या ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनने घेतली. या संघटनेच्या सभासदत्वाबरोबर विमा येतो. तुमच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाईचा बोजा विमा उचलतो. हा विमा पाहून जमीनमालक दार उघडतो. म्हणजे जी पावती पूर्वी शिडीची होती ती आता किल्लीची झाली.

येथून खजिनदाराचे काम अवघड झाले. पूर्वी कोणाची वर्गणी चार महिने उशिरा आली तर बिघडत काय होते? फार तर शिडीची डागडुजी लांबे. आता जो उशीर करतो तो त्या काळात विम्याबाहेर. त्याच्याबरोबर गुहेत गेलेल्याला ते माहीत नसते. पुष्कळदा त्याला स्वतःलाही नसते. पैसे क्लबच्या खात्यात आले, पण क्लबने ते वर राष्ट्रीय संघटनेकडे पाठविले नाहीत, तर? सभासदाने आपले कर्तव्य केले आणि तरी तो उघड्यावर. स्वयंपाकघरातल्या टेबलावरची आळशी संध्याकाळ आता कोणाच्या तरी घरादारावर येऊ शकते. आणि ती संध्याकाळ बिनपगारी आहे!

गुंते आणखी आहेत. एकच गुहाशोधक दोन-दोन, तीन-तीन क्लबांत असतो: एक विद्यापीठाचा, एक गावचा, एक ज्याची झोपडी आवडते तो. क्लबची वर्गणी त्याने तिन्ही ठिकाणी द्यावी हे योग्य. पण राष्ट्रीय वर्गणी एकदाच द्यावयाची. मग ती कोणत्या क्लबाने घ्यावयाची? इतर दोघांना कसे कळावयाचे की ती दिलेली आहे? त्यासाठी सभासद क्रमांक, आणि क्रमांक विसरणारी माणसे. राष्ट्रीय वर्ष जानेवारीत सुरू होते, विद्यापीठांतील क्लबांचे ऑक्टोबरात. नवे विद्यार्थी शरद ऋतूत उत्साहाने नाव नोंदवितात, आणि तीन महिन्यांत त्यांचे राष्ट्रीय वर्ष संपते. अठरा वर्षांच्या पोराला डिसेंबरात पुन्हा पैसे मागितले की तो फुटबॉलकडे जातो.

हे सगळे एकदम सोडविण्याचा मार्ग आहे. क्लबांना मधून काढावे, प्रत्येकाने थेट वरच्या कचेरीत पैसे भरावेत. अमेरिकेत १९४१ साली निघालेल्या राष्ट्रीय गुहासंस्थेने मुळापासून हाच मार्ग धरला. तेथे सभासद थेट राष्ट्रीय संस्थेचा, त्याला मिळालेला क्रमांक जन्मभर त्याचा. स्थानिक शाखेची वर्गणी निराळी. इंग्लंडात दोन्ही वाटा ठेवल्या आहेत: ज्याला क्लब नाही तो थेट भरतो, बाकीचे क्लबमार्फत. हिशेबनीस माणसाला अमेरिकन पद्धत आवडेल. आम्हांला इंग्रजांची आवडते, तिच्यातल्या सगळ्या चुकांसकट.

कारण हा प्रश्न आमच्याकडेही येऊन गेलेला आहे. पगारातून वर्गणी परस्पर कापून युनियनच्या खात्यात जमा करण्याची सोय अनेक कारखान्यांत आहे. पैसा बिनचूक येतो, थकबाकी राहात नाही. पण अशा एका कारखान्यात आम्ही पाहिले, की पाच वर्षांत कमिटीच्या माणसांना आपल्याच खात्यातील सभासदांची नावे येईनाशी झाली. नावे कारखान्याच्या पगारपत्रकात होती, तेव्हा ती लक्षात कशाला ठेवावयाची? संपाची वेळ आली तेव्हा वही भरलेली होती आणि द्वारसभेला माणसे नव्हती. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला एक जुना हक्क लेखी दिला: पगार वाटतात त्या जागी जाऊन वर्गणी गोळा करण्याचा. कलम लहान आहे, आणि वकील मंडळी ते चटकन ओलांडून जातात. आम्ही ते पुष्कळ वेळा वाचले.

त्याच कायद्यात सभासद कोणाला म्हणावयाचे याची व्याख्या आहे. नुसते नाव नोंदवून भागत नाही. मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असेल तर तो मोजणीतून बाहेर. आणि तीस टक्के कामगार सभासद असल्याशिवाय युनियनला मान्यता नाही. म्हणून मोजणीच्या वेळी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती टेबलावर येतात, आणि त्यांवरून ठरते की मालकाशी बोलणार कोण. गुहाशोधकांच्या संघटनेला हाच अनुभव २०१४ साली आला. मोकळ्या डोंगरावर फिरण्याचा हक्क जनतेला देणारा २००० सालचा कायदा गुहांनाही लागू करावा, यासाठी संघटनेने झगडावे की नाही, यावर सभासदांचे मत घेण्यात आले. एक बाजू म्हणे, हक्क तो हक्क. दुसरी म्हणे, मालकांशी इतकी वर्षे जमविलेले सख्य बिघडेल. बहुमत झगडण्याच्या बाजूने पडले. भांडण कडाक्याचे झाले. पण मतपत्रिका कोणाला पाठवावयाची हे त्या वर्षीच्या वर्गणीच्या यादीनेच ठरले. ज्याचे नाव कोणा खजिनदाराच्या ढिलाईने वर गेले नव्हते, त्याचे मत कोणी विचारले नाही.

यादी कोणाच्या हाती असते, हा त्याहून नाजूक प्रश्न. १९३५ साली ब्रिटिश स्पेलिऑलॉजिकल असोसिएशन निघाली. तिचा आधारस्तंभ एलाय सिम्पसन हा मोठा कष्टाळू मनुष्य; पण नोंदी आणि कारभार त्याच्या हाती इतके एकवटले की पुष्कळांना ते सोसेना. महायुद्धानंतर काही जणांनी वेगळा संशोधक गट काढला, आणि दोन्ही संस्था पुन्हा एक व्हावयास १९७३ साल उजाडले. येथे पैशाचा अपहार नव्हता, वाईट हेतू नव्हता. एक मनुष्य सर्वांपेक्षा जास्त काम करीत होता, एवढेच. अशी माणसे आमच्या चळवळीतही आहेत. त्यांच्यावाचून शाखा चालत नाही, आणि ती आजारी पडली की पावतीपुस्तक कोणत्या कपाटात आहे हे घरच्यांनाही सांगता येत नाही. वही गेली, कार्डांचे खोके आले, खोके जाऊन संगणक आला. किल्ली एकाच्याच खिशात राहण्याची सवय तशीच आहे.

वर्गणीखेरीज पैशाचा दुसरा मार्ग नाही काय? आहे. गेपिंग गिलवर वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑगस्टात, ब्रॅडफर्ड आणि क्रेव्हन हे दोन क्लब आळीपाळीने विवरावर यंत्राचा पाळणा उभारतात आणि बाहेरच्या हौशी माणसांना पैसे घेऊन खाली सोडतात. तेथे एक जुनी थट्टा आहे: उतरणे फुकट, पैसे वर येण्याचे! थट्टा चांगली आहे, उत्पन्नही होते. पण तो पाहुण्यांचा पैसा. पाहुणा वर आला, हसला, कपडे झटकून गेला. पुढच्या वर्षी पाळणा उभारावयास तो येत नाही. त्यासाठी ओढा वळवावयाचा, लोखंड डोंगरावर न्यावयाचे, आठवडाभर पावसात तंबूत राहावयाचे, हे सगळे यादीतली माणसे करतात.

वार्षिक सभेत अहवाल वाचले जातात, शिडीचा नव्हे तर आता दोरांचा हिशेब होतो, झोपडीच्या गळक्या छपरावर तासभर वाद होतो. शेवटी पदाधिकाऱ्यांची निवड येते. अध्यक्षपदाला दोन नावे असतात, संपादकाला एखादे. सभासद-नोंदणीच्या चिटणीसाचे नाव पुकारले की खोलीत शांतता पसरते, लोक बुटांकडे पाहू लागतात, आणि मग मागच्या वर्षीचा मनुष्य म्हणतो की बरे, आणखी एक वर्ष मी पाहतो.